लक्ष्मीचे पाय आणि मालकीचा कागद

हत्तीची तपासणी पायांपासून सुरू करायची, हे मला केरळात बरीच वर्षं हत्तींवर उपचार केलेल्या एका ज्येष्ठ पशुवैद्यांनी फोनवर सांगितलं. "डोळे, सोंड, पाठ सगळं नंतर. आधी चारही तळवे बघ आणि ती ज्यावर उभी असते ती जमीन बघ. निम्मा अहवाल तिथेच मिळेल." मी गोव्यातल्या फोंड्यात गुरांची डॉक्टर. गायी-म्हशी, शेळ्या, घरची कुत्री-मांजरं हे माझं रोजचं काम. हत्तींबद्दल कॉलेजात शिकले होते, पण एखाद्या हत्तिणीच्या बाजूने किंवा विरुद्ध सही करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. वनखात्यातून फोन आला तेव्हा एवढंच कळलं की पुण्याच्या एका कुटुंबाने फोटोंसह तक्रार पाठवली आहे, एका कुळागरात (सुपारी-मसाल्याच्या बागेत) सवारीसाठी ठेवलेल्या हत्तिणीची पाहणी करायची आहे आणि सोबत पशुवैद्य लागणार आहे.

कुळागर कुठलं ते लिहीत नाही. हत्तिणीला इथे लक्ष्मी म्हणते. असं नाव अनेक हत्तिणींचं असतं.

गोव्यात हत्ती मुळात कमीच. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून एक कळप सिंधुदुर्गात उतरला, तेव्हापासून दोडामार्गच्या बाजूने रानटी हत्ती अधूनमधून आपल्या सीमेवरच्या गावांत येतात, माड-केळी पाडतात, आणि पेपरात त्यांच्या बातम्या येतात. माणसाळवलेले हत्ती मात्र सगळे बाहेरून आणलेले, ट्रकमधून, पर्यटनासाठी. मसाल्याची झाडं दाखवायची, केळीच्या पानावर जेवण वाढायचं, मग हत्तीवरून एक फेरी आणि ओहोळात बसवून तिच्या सोंडेने अंगावर पाणी उडवून घ्यायची 'अंघोळ'. हंगाम ऑक्टोबर ते मे, पण आता पावसातही घाटावरून गाड्या येतात, त्यामुळे तिला सुट्टी अशी राहिलेलीच नाही.

पाहणीला गेलो तेव्हा पाऊस नुकताच धरला होता. रेंज ऑफिसरनी आधी कागद मागितले. माझ्या मनात होतं की थेट हत्तिणीकडे जावं, पण त्यांनी मला बसवून घेतलं, "डॉक्टर, हे पण बघा, तुमच्या अहवालाला हेच लागणार आहे" म्हणाले. ते किती खरं होतं ते पुढे कळलं.

हत्ती १९७७ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तो पाळायचा तर कायद्याच्या कलम ४२ खाली मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकाने बघायचं असतं की या माणसाकडे प्राण्याला ठेवायला, सांभाळायला, निगा राखायला पुरेशी सोय आहे की नाही. गायीच्या दाखल्यासारखा किंवा गाडीच्या आरसी बुकासारखा हा कागद नाही. यातली मालकी निगेच्या पायावर उभी आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्काशिवाय नवा प्राणी ताब्यात घेता येत नाही आणि कलम ४३ प्रमाणे विकता येत नाही, कुठलाही व्यापारी मोबदला घेऊन दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून मग व्यवहारात 'देणगी' येते, 'सांभाळायला दिली' येतं, भाडेकरार येतो.

आमच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेली एक झेरॉक्स आली. प्रमाणपत्र परराज्यातल्या माणसाच्या नावावर, सोबत वर्षाला नव्याने करायचा एक करार. मूळ कागद "तिकडे" होता. रेंज ऑफिसरनी तारखा, शिक्के, वय, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं उतरवून घेतलं. हा करार कलम ४३ मध्ये बसतो का हे ठरवणं माझं काम नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ज्याच्या सोयी बघून कधीतरी प्रमाणपत्र दिलं गेलं तो माणूस शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि हत्तीण जिथे प्रत्यक्ष उभी आहे तिथल्या जमिनीकडे त्या कागदासाठी कुणीही पाहिलेलं नाही.

मायक्रोचिप डाव्या कानामागे असते. रीडर फिरवला, पहिल्यांदा काही आलं नाही, कान जरा पुढे धरून पुन्हा फिरवला तेव्हा नंबर आला. कागदाशी जुळला. म्हणजे हत्तीण तीच होती.

मग पाय.

माहुताने तोंडाने हलका आवाज केला आणि गुडघ्याला हात लावला. लक्ष्मीने पुढचा डावा पाय मागे दुमडून उचलला आणि तसाच धरून ठेवला. एवढं मोठं जनावर तीन पायांवर तोल सांभाळून, माझं बघून होईपर्यंत थांबतं, यात तिचा केवढा विश्वास आणि केवढी सवय आहे हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आशियाई हत्तीला सहसा पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार नखं. तिच्या त्या पायाचं मधलं नख खालून वर उभं चिरलेलं होतं आणि चिरेत बारीक खडी रुतून बसली होती. नखांवरची कातडी वाढून झालरीसारखी पुढे आली होती. शेजारच्या नखाच्या मुळाशी बोटाने दाबलं तर मऊ लागलं, थोडा पातळ पू आला आणि तो कुजका वास. गुरांच्या खुरातला तो वास मला झोपेतही ओळखता येतो. निरोगी तळव्याला खोल रेषा असतात, त्यांनी पकड मिळते. तिचा तळवा घासून देवळाच्या जुन्या पायरीसारखा गुळगुळीत झाला होता. मागचे पाय त्यापेक्षा बरे होते.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. शेडमध्ये सिमेंटचा कोबा, तोही सपाट. मूत वाहून जायला उतार नाही. संध्याकाळी सवाऱ्या संपल्या की सकाळपर्यंत ती त्यावरच, पुढचा एक आणि मागचा एक पाय आखूड साखळीने बांधलेला. पावसात छपराच्या कडेने पाणी आत यायचं आणि मुतात मिसळून तिथेच साचायचं. बंदिवासातल्या हत्तींमध्ये पायांचे आजार सगळ्यात जास्त दिसतात आणि अनेकदा तेच त्यांना संपवतात. नखाखालचा पू हाडापर्यंत गेला की मग हातात फार काही उरत नाही. खाली बसलेला हत्ती पुन्हा उठला नाही तर स्वतःच्या वजनानेच मरतो.

गालफडाच्या वरच्या हाडावर आणि कमरेच्या हाडावर काळे घट्टे होते, कोब्यावर कुशीवर पडून पडलेले. छातीखालून हौद्याचा पट्टा जातो तिथे केस गेलेले, चामडी जाड झालेली. शेपटीच्या मुळाशी दोर घासून झालेली जखम, वर हळद. कानामागे लहान लहान जुने व्रण. मी माहुताला अंकुश दाखवायला सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग छपराच्या वाशात खोचलेला काढून आणला.

दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगते, कारण पर्यटकांच्या तक्रारीत त्या नेहमी असतात. तक्रारीत लिहिलं होतं की हत्तीण रडत होती. हत्तीला डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळी नसते, त्यामुळे ते गालावरून ओघळत राहतं. जंगलातल्या सुखी हत्तीच्याही गालावर ती ओली रेघ दिसते. तो पुरावा म्हणून टिकत नाही आणि मी तो लिहिला नाही. उलट ज्याचा व्हिडिओ काढून लोक हसत होते ते मी लिहिलं. साखळीला उभी असताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर, डोकं डावी-उजवीकडे हलवत, एकाच तालात डुलत होती. "गाणं लावलं की नाचते," असं तिथला एक पोरगा कौतुकाने सांगत होता. गाणं लागलेलं नसतानाही ती तशीच डुलत होती. एकट्याने, बांधून, करण्यासारखं काहीच नसताना वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या जनावराचं हे लक्षण आहे. रानात हत्तिणी आई, मावश्या, बहिणी, पोरं अशा कुटुंबात जन्मभर राहतात. लक्ष्मीने शेवटची दुसरी हत्तीण कधी पाहिली, हे तिथे कुणालाच सांगता येईना.

माहुताशी मी वेगळं बोलले. तो परराज्यातला, शेडला लागून एका खोलीत राहणारा. पगार बेताचा, वरची कमाई पर्यटक देतील ती. नख चिरल्याचं त्याने आदल्या पावसाळ्यातच भाटकारांच्या, म्हणजे कुळागराच्या मालकांच्या, मुलाला सांगितलं होतं, आणि काही झालं नाही म्हणून स्वतःच रोज करंजेल लावत होता. चारा किती देतोस विचारलं तर म्हणाला, "माडाच्या झावळ्या असतात मॅडम, बाकी लोक केळी देतात." मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे किलो ओला चारा लागतो, तोही निरनिराळा: गवत, डहाळ्या, साल, भेर्ली माडाची पानं. केळी, गूळ आणि ब्रेडने पोट भरतं, पण नख नीट वाढत नाही. त्याला भीती होती की सगळं त्याच्यावर शेकेल. अंकुशाच्या खुणा अहवालात येणारच होत्या, त्या मी लपवणार नव्हते. पण त्याच पानावर मी हेही लिहिलं की रोज सवाऱ्या किती करायच्या ते काउंटरवर ठरतं, माहुताला ते ठरवता येत नाही, आणि आजवर तिच्या पायाला हात लावलेला हा एकच माणूस आहे.

अहवाल लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'दयनीय', 'हृदयद्रावक' असे शब्द पहिल्या मसुद्यातच येऊ दिले नाहीत, कारण उद्या कुणी वकिलाने विचारलं की दयनीय म्हणजे किती, तर उत्तर नाही. साखळीची लांबी, कोब्याचं मोजमाप, उतार शून्य, जखमेची लांबी-रुंदी-खोली, हौद्याचं रिकामं वजन, पिण्याच्या टाकीत पाणी किती, सावली किती वाजेपर्यंत राहते. मांडणीला मी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नागराज निकालातली पाच स्वातंत्र्यं घेतली. तो खटला जल्लीकट्टूचा, बैलांचा. जल्लीकट्टूचा प्रश्न पुढे नव्या कायद्यांनी आणि निकालाने वेगळ्या वळणावर गेला, पण भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-आजारापासून आणि भीतीपासून मुक्ती आणि आपल्या जातीला साजेसं वागायची मोकळीक, ही चौकट पशुवैद्याला फार कामाची आहे. प्रत्येक मथळ्याखाली काय पाहिलं ते मांडलं की वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

कायद्याची एक बाजू मला तेव्हाही संताप आणत होती, आजही आणते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका सवारीच्या तिकिटात असे कित्येक दंड भरून होतील. पण त्याच कायद्यातून निघालेले २००१ चे नियम जास्त उपयोगी पडले. लोकांच्या करमणुकीसाठी जनावर वापरायचं तर त्याची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे मंडळ आता हरियाणात बल्लभगडला आहे. लक्ष्मीची अशी नोंदणी नव्हती, आणि पायाची ही अवस्था अहवालात आल्यावर ती मिळण्याची शक्यताही नव्हती. सवाऱ्या बंद झाल्या त्या या एका ओळीमुळे.

मधल्या काळात, २०२५ चा जुलै संपता संपता, कोल्हापूरकडच्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात नेलं. उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला आणि कोल्हापुरातली माणसं रस्त्यावर आली. त्याचे पडसाद आमच्याकडेही उमटले. भाटकारांनी मला घरी बोलावून घेतलं. वय झालेले गृहस्थ, चहा येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाये, तू फोंड्याचीच. आमच्या लक्ष्मीलाही असंच नेणार काय? घरच्या पोरीसारखी आहे ती." मला त्यांच्या बोलण्यात खोटं काही वाटलं नाही. चवथीला तिची पूजा करून तिला पातोळ्या देणारं घर ते. जोतिबाच्या सुंदर हत्तीला २०१४ मध्ये बन्नेरघट्ट्याला नेलं तेव्हाही भक्तांचं असंच म्हणणं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, घरची पोर मुतात उभी राहिली असती तर रात्रभर राहू दिली असती का?" मग मोबाइलवर तिच्या नखाचे फोटो दाखवले. त्यांनी ते कधीच पाहिले नव्हते. पायऱ्या उतरून शेडपर्यंत जाणं त्यांना गेली काही वर्षं जमतच नव्हतं.

त्यानंतर काम हललं. वनखात्याच्या लेखी सूचना आणि भाटकारांचा शब्द, दोन्ही एकदम मिळाल्यावर मुलाचाही विरोध सरला. शेडच्या मागे फणस-आंब्यांच्या सावलीत मातीचं आवार केलं, आत वाळूचा मोठा ढीग टाकला. साखळी रात्रीपुरती, एकाच पायाला, लांब. पाय रोज कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकून भिजवायचे, खडी काढायची, वाढलेलं नख रास्पने (खरखरीत कानशीने) थोडं थोडं घासायचं. एकदम जास्त काढलं तर रक्त येतं आणि तिचा विश्वास जातो. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी माहुताने हाक मारून वाळू दाखवली. ढिगाच्या उताराला तिच्या कुशीचा आख्खा ठसा, कानाच्या दुमडीसकट. हत्ती रात्री थोडे तास कुशीवर पडून झोपतो, आणि ढिगाला टेकून पडलं की उठणं सोपं जातं. कोब्यावर ती फारशी आडवी होतच नव्हती, असं माहुताने आधी सांगितलं होतं. मी ठशाचं मोजमाप घेतलं, फोटो काढला आणि अहवालाला जोडला.

क्षयरोगाची तपासणी मी आग्रह धरून करवून घेतली. माणसाचा क्षय हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला, आणि इथे रोज पोरंबाळं तिच्या सोंडेने पाणी उडवून घेत होती. सोंडेत निर्जंतुक सलाइन सोडतात, सोंड वर धरतात, मग खाली केली की ती ते पिशवीत फुंकते. असे नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ते केलं, मी पिशवी धरून उभी होते. माहुताचीही तपासणी सरकारी इस्पितळात करून घेतली. दोघांचेही निकाल चांगले आले.

आता खरा प्रश्न उरतो तो ती राहणार कुठे. केंद्राने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीप्रमाणे देशात बंदिवासातले हत्ती २,४५४ होते. एवढ्यांना सामावून घेणारी चांगली केंद्रं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे "जप्त करा" म्हणणं सोपं आहे, करणं अवघड. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक 'किंवा इतर कोणत्याही' कारणासाठी हत्तीचं हस्तांतर करायची वाट उघडली. ती ओळ मला मुळीच आवडत नाही, तिच्यात काहीही बसवता येतं. पण त्यावर मार्च २०२४ मध्ये आलेल्या नियमांतल्या काही गोष्टी मी धरून ठेवल्या आहेत: मालकाला सांभाळणं जमत नसेल किंवा नव्या जागी जास्त चांगली निगा होणार असेल, अशी कारणं तिथे लिहिलेली आहेत. हत्तीची जनुकीय नोंद केंद्राच्या प्रणालीत असल्याशिवाय हलवता येत नाही. दोन्हीकडच्या सोयींची वनअधिकाऱ्यांनी पाहणी करायची असते. प्रवासाआधी पशुवैद्याचा दाखला लागतो आणि माहूत सोबत जावाच लागतो. माझं मत मी लेखी दिलं आहे. तिला दुसऱ्या हत्तिणी असलेल्या ठिकाणी न्यावं, पण नखाची चीर भरून येईपर्यंत ट्रकमध्ये चढवू नये, आणि माहुताला पोहोचवून परत पाठवण्याऐवजी तिथे नोकरी द्यावी.

भाटकारांनी या मताला विरोध केला नाही, होही म्हटलं नाही. परराज्यातल्या मूळ मालकाला वनखात्याची नोटीस गेली आहे. जनुकीय नमुना गेला आहे. दर पंधरवड्याला पाय बघायचे असं माझ्या डायरीत आहे. पुढच्या उजव्या पायाचं एक नख अजून वाकडंच वाढतं आहे, त्याचा एक्स-रे काढायची सोय कुठे होईल याची चौकशी करते आहे. आणि हौदा अजून त्याच शेडमध्ये भिंतीला टांगलेला आहे. पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो तिथून हलवावा, असं मी रेंज ऑफिसरना पुन्हा एकदा लेखी दिलं आहे.